लॅग नेमका कुठे असतो? घरच्या नेटवर्कवर गेम स्ट्रीम करण्याचा छोटासा इतिहास



मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा धाकट्या भावाने एक काम गळ्यात मारलं. त्याचा पीसी आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये. पीसीवर चालणारा गेम त्याला टीव्हीवर खेळायचा होता. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, टीव्हीवर ॲप टाकलं, चित्र लगेच दिसलं. पण बटण दाबलं की पात्र उडी मारायचं जरा उशिरा. अगदी थोडंसं उशिरा, पण तेवढ्यात खड्ड्यात पडायचं. "ताई, तू पीएचडी करतेस ना? मग हे नीट कर," असा आदेश सुटला.

मी काय केलं? जे बहुतेक जण करतात तेच. वायफायला दोष दिला. राउटरची जागा बदलली, चॅनेल बदलला, शेवटी वीस मीटर केबल आणून भिंतीच्या कडेने ओढली. त्या केबलला अडखळून आई दोनदा पडता पडता वाचली. चित्र अडकायचं थांबलं, पण उडी मात्र उशिराच. तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' नावाचा पर्याय दिसला. तो चालू केला आणि पात्र खड्डा ओलांडून गेलं.

म्हणजे तीन दिवस मी नेटवर्क दुरुस्त करत बसले होते आणि वेळ खाणारा माणूस समोर भिंतीवर टांगलेला होता!

परत आल्यावर या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना लक्षात आलं की ही चूक माझी एकटीची नाही. 'चित्र उशिरा येतंय म्हणजे वायर हळू आहे' ही समजूत फार जुनी आहे आणि ती मोडायला बरीच वर्षं आणि एक सुंदर प्रयोग लागला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी त्या प्रयोगात शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात: चित्र नको, आज्ञा पाठवा

एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखवायचा, ही कल्पना गेमवाल्यांची नाही. १९८४ साली एमआयटीमध्ये बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी 'एक्स विंडो सिस्टीम' सुरू केली. (जिम गेटिस हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) विद्यापीठात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती आणि प्रोग्रॅम कुठेही चालला तरी तो आपल्या टेबलावरच्या पडद्यावर दिसावा, अशी गरज होती.

एक्सने नेटवर्कवरून चित्र पाठवलं नाही. चित्र काढण्याच्या आज्ञा पाठवल्या. 'इथून इथपर्यंत रेघ मार', 'इथे हे अक्षर लिही', असं. ठिपके पाठवण्यापेक्षा आज्ञा खूप कमी जागा घेतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक्सच्या आधी स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची प्रणाली होती. तिच्यात एक आज्ञा पाठवायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. शायफलर यांनी ही थांबण्याची पद्धत काढून टाकली. आज्ञा एकामागोमाग पाठवत राहायच्या, प्रत्येक उत्तराची वाट बघायची नाही. म्हणजे बघा, १९८४ मध्येच एका माणसाला कळलं होतं की वेळ जातो तो पाठवण्यात कमी आणि वाट बघण्यात जास्त. हा धागा शेवटपर्यंत सोडू नका.

आज्ञा पाठवण्याची पद्धत पुढे त्रिमितीय चित्रांसाठीही वापरून पाहिली गेली. स्टॅनफर्डच्या 'वायरजीएल' या प्रकल्पाने २००१ मध्ये ओपनजीएलच्या आज्ञा नेटवर्कवरून अनेक यंत्रांना वाटून दाखवल्या. पण घरातल्या गेमसाठी यात एक मोठी अडचण आहे. आज्ञा पाठवल्या की चित्र रंगवण्याचं काम पलीकडच्या यंत्रावर पडतं. आपल्याला तर पीसीचं महागडं ग्राफिक्स कार्ड वापरून साध्या टीव्हीवर किंवा फोनवर खेळायचंय. पलीकडे ताकद नाही, म्हणूनच तर हा खटाटोप!

मग चित्रच पाठवू

दुसरा रस्ता केंब्रिजमधून निघाला. तिथल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' तयार झालं आणि १९९८ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातला विचार फार सरळ होता: पडद्यावरचे ठिपके जसेच्या तसे घ्या, बदललेले चौकोन तेवढे पाठवा. पलीकडच्या यंत्राला ठिपके मांडता आले की पुरे. आणि नवं चित्र कधी पाठवायचं, ते पलीकडचं यंत्र मागेल तेव्हा. त्यामुळे हळू यंत्रावर ओझं पडत नाही.

ऑफिसच्या कामाला हे उत्तम. तुम्ही टाइप करता तेव्हा पडद्याचा छोटासा तुकडाच बदलतो. पण गेममध्ये कॅमेरा जरा वळला की अख्खा पडदा बदलतो, तोही सेकंदाला साठ वेळा.

इथे थोडा हिशोब करूया. १२८० गुणिले ७२० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १.३३ गिगाबिट येतात. फुल एचडीला, म्हणजे १९२० गुणिले १०८० ला, जवळजवळ ३ गिगाबिट. १९९५ मध्ये आलेलं फास्ट इथरनेट सेकंदाला १०० मेगाबिटचं. २००३ चं ८०२.११जी वायफाय कागदावर ५४ मेगाबिटचं, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी.

हा हिशोब बघून कोणीही म्हणेल, अडचण नेटवर्कची आहे. आणि तेव्हा ते खरंही होतं. पण अर्धंच खरं होतं. कारण चित्र आकुंचित करता येतं. २००३ मध्ये 'एच.२६४' हे व्हिडिओचं मानक आलं आणि फुल एचडी चित्र सेकंदाला १५-२० मेगाबिटमध्ये बसू लागलं. तीन गिगाबिटचे वीस मेगाबिट! म्हणजे १०० मेगाबिटच्या केबलमध्येही आरामात मावायला हवं.

मग गेम स्ट्रीमिंग २००३ मध्येच का नाही आलं?

सिनेमा आणि गेम यांत फरक काय?

कारण एच.२६४ आधी सिनेमासाठी वापरलं जात होतं आणि सिनेमा थांबायला तयार असतो. ऑनलाइन सिनेमा लावल्यावर सुरुवातीला तीन सेकंद गोल फिरत राहिलं तर आपण पाणी प्यायला जातो. गेममध्ये तुमचं बोट आणि पडदा यांच्यात गोल पूर्ण व्हावा लागतो: बटण दाबलं, आज्ञा पीसीकडे गेली, गेमने नवं चित्र रंगवलं, ते आकुंचित झालं, नेटवर्कवरून आलं, उलगडलं, पडद्यावर दिसलं. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे दर फ्रेमला फक्त १६.७ मिलीसेकंद मिळतात.

किती उशीर चालतो? मार्क आणि काजल क्लेपूल यांचा २००६ मधला लेख यासाठी नेहमी सांगितला जातो. तो ऑनलाइन गेमबद्दल आहे, पण त्यातले अंदाज इथेही उपयोगी पडतात. पात्राच्या डोळ्यांतून बघायच्या नेमबाजीच्या गेमला साधारण १०० मिलीसेकंद, पात्राला मागून बघायच्या गेमला ५००, आणि वरून सगळं सैन्य हलवायच्या गेमला १००० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर चालून जातो. म्हणजे 'लॅग चालतो का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कुठला गेम ते आधी विचारावं लागतं.

आता आकुंचनाच्या दोन युक्त्या बघा, सिनेमात हुशारी आणि गेममध्ये घात करणाऱ्या. पहिली 'बी-फ्रेम'. ही फ्रेम मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवरून बनते, त्यामुळे जागा वाचते. पण पुढची फ्रेम अजून घडलेलीच नाही! ती घडेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे १६.७ मिलीसेकंद तिथेच गेले. दुसरी 'आय-फ्रेम'. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र पाठवलं जातं आणि ते बाकीच्यांपेक्षा खूप मोठं असतं. सिनेमात साठा असतो म्हणून कळत नाही. गेममध्ये दर थोड्या वेळाने एक हिसका बसतो. यावर पुढे उपाय निघाला: पूर्ण चित्र एकदम न पाठवता दर फ्रेमला त्याची एकेक उभी पट्टी ताजी करायची. 'एक्स२६४' या मुक्त एन्कोडरमध्ये ही सोय २०१० मध्ये आली.

२००७: घरातल्या घरात सुरुवातीचा प्रयत्न

घरगुती नेटवर्कवर पीसीचे गेम दुसऱ्या यंत्रावर दाखवणारं 'स्ट्रीममायगेम' हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये आलं. चित्र पकडायचं, आकुंचित करायचं, पाठवायचं, सगळं पीसीचं मुख्य प्रोसेसर करणार. म्हणजे जो प्रोसेसर आधीच गेम चालवून दमलाय, त्याच्याच डोक्यावर दुसरं काम. शिवाय ग्राफिक्स कार्डावर तयार झालेलं चित्र मुख्य मेमरीत परत आणायचं, रंगांचं रूपांतर करायचं, मग आकुंचन. प्रत्येक पायरीवर थोडी रांग, थोडी वाट.

दरम्यान मोठा गाजावाजा वेगळ्याच गोष्टीचा झाला. २००९ मध्ये 'ऑनलाइव्ह' कंपनीने इंटरनेटवरून गेम स्ट्रीम करण्याची घोषणा केली आणि २०१० मध्ये सेवा सुरूही केली. सगळीकडे वाद एकच: इंटरनेट इतकं लांबून चित्र वेळेत आणेल का? प्रकाशाच्या वेगाला मर्यादा आहे, मग हे होणारच नाही, असं अनेकांचं म्हणणं. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मलाही हा युक्तिवाद आवडला असता. पण तो मोजून बघितला का कोणी?

२०११: रांगेतला उशीर शोधणारा प्रयोग

बघितला. तैवानमध्ये कुआन-ता चेन आणि सहकाऱ्यांनी. या लेखात सगळ्यात निवांत वाचण्यासारखा भाग हाच आहे.

त्यांच्यापुढे दोन बंद पेट्या होत्या, ऑनलाइव्ह आणि स्ट्रीममायगेम. दोन्हींचा कोड मिळत नव्हता. ऑनलाइव्हचा सर्व्हर तर कंपनीच्या ताब्यात. एकूण उशीर मोजणं फार अवघड नाही: एस्केपची कळ दाबायची, गेमचा मेनू पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ मोजायचा. पण एकूण आकडा मिळाला तरी दोष कोणाचा ते कळत नाही. म्हणून त्यांनी एकूण उशिराचे तीन भाग पाडले:

एक, नेटवर्कचा उशीर. आज्ञा जायला आणि चित्र यायला लागणारा.
दोन, प्रक्रियेचा उशीर. सर्व्हरला आज्ञा मिळाल्यापासून आकुंचित चित्र बाहेर पडेपर्यंतचा.
तीन, दाखवण्याचा उशीर. चित्र आपल्या यंत्रात पोचल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंतचा.

पहिला भाग पिंग करून मिळतो. पण दुसरा आणि तिसरा वेगळे कसे करणार? एक समीकरण, दोन अज्ञात राशी. सर्व्हरच्या आत शिरता येत नाही, आणि शिरलात तरी त्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळलेलं नाही.

त्यांची युक्ती अशी. कळ दाबायची. मग काही वेळाने आपल्या यंत्राकडे येणारी सगळी पॅकेट अडवायची. नळ बंद! आता बघायचं, मेनू दिसतो का? दिसला, तर त्याचं चित्र नळ बंद होण्याआधीच आत आलेलं होतं आणि आतल्या रांगेत उभं होतं. नाही दिसला, तर ते अजून बाहेरच होतं. नळ बंद करायची वेळ मागेपुढे करत हाच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा. 'दिसतो' आणि 'दिसत नाही' यांच्या सीमेवर चित्र नेमकं कधी पोचलं ते सापडतं. तिथून तिसरा भाग, आणि एकूणातून पहिला व तिसरा वजा केला की दुसरा.

किती साधं! महागडं उपकरण नाही, कंपनीची परवानगी नाही. सगळी वेळ एकाच यंत्राच्या घड्याळावर मोजलेली, म्हणजे घड्याळं जुळवायचा प्रश्नच उडाला. मी हा भाग वाचला तेव्हा पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसले होते.

आणि निकाल? याच मंडळींपैकी काहींनी पुढे 'गेमिंगएनीव्हेअर' नावाची स्वतःची खुली प्रणाली बांधली आणि २०१३ मध्ये तुलना छापली. त्यांच्या प्रणालीला दर फ्रेममागे प्रक्रियेला लागले ३४ मिलीसेकंद. ऑनलाइव्हला त्याच्या तिपटीहून जास्त. आणि स्ट्रीममायगेमला दहापटीहून जास्त, म्हणजे ३४० मिलीसेकंदांच्याही वर.

परत वाचा. हा आकडा नेटवर्कचा नाही. नेटवर्क पूर्ण बाजूला काढल्यावर उरलेला आहे. घरातल्या वीस मीटर केबलमधून विद्युत संकेत जायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. वीस मेगाबिटच्या प्रवाहात एक फ्रेम सरासरी ४२ किलोबाइटची. ती १०० मेगाबिटच्या जोडणीवर ठेवायला ३.३ मिलीसेकंद, गिगाबिटवर ०.३३. ३४० च्या तुलनेत हे काहीच नाही. पेट्यांमध्ये वेळ जात होता आणि सगळे वायरकडे बोट दाखवत होते.

२०१२ नंतर: पेटी दुरुस्त झाली

एकदा आजार कळला की औषध सापडतं. इथे औषध जवळपास त्याच सुमारास बाजारात येत होतं. इंटेलने २०११ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हिडिओ आकुंचित करणारा वेगळा भाग दिला. २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या 'केप्लर' पिढीच्या ग्राफिक्स कार्डात 'एनव्हीएन्क' नावाचा असाच भाग आला. आता चित्र जिथे तयार झालं तिथेच आकुंचित होऊन बाहेर पडू लागलं. मुख्य मेमरीपर्यंतची मोठी फेरी वाचली, आणि गेम व एन्कोडर यांची एकाच प्रोसेसरसाठीची भांडणं संपली.

मग पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. २०१२ च्या शेवटी निन्टेंडोचं 'वी यू' आलं, ज्यात कन्सोलवरून हातातल्या पडद्यावर चित्र बिनतारी जायचं. २०१३ मध्ये एनव्हिडियाने 'शील्ड' हे हातात धरायचं यंत्र काढलं, जे घरच्या वायफायवरून पीसीचे गेम दाखवायचं. या सोयीला पुढे 'गेमस्ट्रीम' नाव पडलं. मे २०१४ मध्ये व्हॉल्व्हने स्टीममध्ये 'इन-होम स्ट्रीमिंग' सगळ्यांसाठी खुलं केलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'स्टीम लिंक' ही पन्नास डॉलरची छोटी डबी आली. तिच्या मागे केबलसाठी जागा होती ती १०० मेगाबिटची, गिगाबिटची नव्हे. अनेकांना हा कंजूषपणा वाटला. पण वरचा हिशोब तुम्ही केलाय, त्यामुळे तुम्हाला कळेल की एवढ्यावर भागत होतं.

संशोधकांनी दखल घ्यावी अशी आणखी एक गोष्ट. शील्ड आल्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी एका हॅकेथॉनमध्ये गेमस्ट्रीमचा प्रोटोकॉल बाहेरून न्याहाळून उलगडला आणि तो कुठल्याही यंत्रावर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आज आपण त्याला 'मूनलाइट' म्हणतो. डिसेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने गेमस्ट्रीम बंद करत असल्याचं कळवलं आणि २०२३ मध्ये ते शील्डवरून काढायला सुरुवात झाली. तरी मूनलाइट जिवंत राहिलं, कारण तोवर पीसीच्या बाजूचं कामही करणारं 'सनशाइन' हे मुक्त सॉफ्टवेअर तयार होतं. ऑनलाइव्ह २०१५ मध्ये बंद पडलं, स्टीम लिंकची डबी २०१८ मध्ये, गूगलचं स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये. दुसऱ्याच्या सर्व्हरवर किंवा एकाच कंपनीच्या डबीवर अवलंबून असलेलं गेलं. ज्याचा कोड उघडा होता ते लोकांनी सांभाळलं.

मग नेटवर्क अगदीच निर्दोष का?

नाही. इथे जिम गेटिस परत येतात. २०१० च्या सुमारास घरून मोठी फाइल पाठवताना त्यांच्या लक्षात आलं की तेवढ्या वेळात घरचं बाकी सगळं इंटरनेट कासवासारखं होतं. ते खणत गेले. राउटर आणि मोडेम बनवणाऱ्यांनी 'एकही पॅकेट हरवू नये' म्हणून त्यात भल्यामोठ्या रांगा, म्हणजे बफर, ठेवले होते. एखादी मोठी फाइल ती रांग भरून टाकते आणि तुमचं छोटंसं तातडीचं पॅकेट तिच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. लग्नाच्या पंगतीत पाणी मागायलाही रांगेत उभं केल्यासारखं. या दुखण्याला त्यांनी 'बफरब्लोट' नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' ही पद्धत सुचवली: रांगेची लांबी मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा. २०१७ मध्ये लिनक्सच्या वायफायमध्ये असाच विचार नेण्याचं काम प्रसिद्ध झालं.

म्हणजे नेटवर्कमध्येही दोष वायरचा नव्हता, वाट बघण्याचा होता. १९८४ मध्ये ज्या प्रकल्पाने वाट बघणं कमी केलं, त्याच प्रकल्पातल्या माणसाने पाव शतकानंतर घरातल्या राउटरमध्ये तेच वाट बघणं पकडलं.

आणि शेवटचा टप्पा, पडदा. २०१२ मध्ये जॉन कारमॅक यांनी ट्विटरवर वैतागून लिहिलं होतं की अटलांटिकपलीकडे पॅकेट पाठवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पडद्यावर एक ठिपका उमटायला लागतो. डोक्यावर घालायच्या एका पडद्यावर त्यांनी ते मोजलं होतं. चित्र गुळगुळीत करण्यासाठी असे पडदे दोन-चार फ्रेम साठवून ठेवतात. आमच्या हॉलमधला टीव्हीसुद्धा नेमकं हेच करत होता.

आता मुद्द्याचं बोलू

त्या दिवाळीत स्ट्रीमिंग सॉफ्टवेअर मला पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवत होतं. नेटवर्क: काही मिलीसेकंद. उलगडणं: काही मिलीसेकंद. सगळं छान. पण टीव्हीच्या आत जाणारा वेळ त्या सॉफ्टवेअरला दिसतच नाही, त्यामुळे तो आकड्यातही नाही. आणि जे आकड्यात नाही ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

हे लिहिताना मला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये एका उपकरणाच्या नोंदी वेळेत बसत नव्हत्या. ट्रिगर आणि नोंद यांच्यातलं अंतर सारखं हलायचं. जोडण्या एमएस्सीच्या एका प्रोजेक्ट स्टुडंटने केल्या होत्या. मी त्याला तीन वेळा सगळ्या केबल पुन्हा बांधायला लावल्या, आणि चौथ्यांदा जरा लागेल असं बोलले. दोष निघाला नोंदी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बफरमध्ये. ते सॉफ्टवेअर मी लिहिलेलं होतं. तोवर त्याचा प्रोजेक्ट संपला होता आणि रिपोर्टमध्ये त्याने 'जोडणीतील त्रुटींमुळे' असं स्वतःच्या नावावर लिहूनही टाकलं होतं. मी नंतर फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई." पण रिपोर्टमधलं ते वाक्य तसंच आहे.

वायर दिसते, म्हणून आपण तिला धरतो. ज्युनिअर समोर असतो, म्हणून त्यालाही.

तेव्हा संशोधनात येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती. काही उशिरा होत असेल, कमी पडत असेल, चुकत असेल, तर आधी त्या एकूण आकड्याचे भाग पाडा. प्रत्येक भागासमोर लिहा: हा मी मोजलाय, की गृहीत धरलाय? ज्या भागासमोर 'मोजलाच नाही' असं येईल तिथे आधी जा. आणि आत शिरता येत नसेल तर तैवानच्या मंडळींसारखा नळ बंद करून बघा.

घरी करून बघायला एक छोटा प्रयोग देते. पीसी आणि टीव्ही दोन्हींवर तेच स्ट्रीम होणारं चित्र ठेवा, त्यात मिलीसेकंद दाखवणारं चालतं घड्याळ असू द्या. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा २४० फ्रेमवर लावून दोन्ही पडदे एकाच चौकटीत घ्या. मग व्हिडिओ थांबवून दोन्ही आकड्यांतला फरक वाचा. कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलीसेकंद, पण सेकंदाला साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर घड्याळाचा आकडा १६.७ मिलीसेकंदांनीच बदलतो, म्हणून तेवढी चूक धरून चाला. आता टीव्हीचा गेम मोड चालू-बंद करून, केबल काढून-लावून, एका वेळी एकच गोष्ट बदलत हेच पुन्हा करा. आणि वहीत हेही लिहा की या प्रयोगात काय मोजलं जात नाही. बटणापासून पीसीपर्यंतचा वेळ यात नाही. पीसीच्या मॉनिटरचा स्वतःचा उशीर वजा होऊन गेला, तोही दिसणार नाही.

भावाचं विचाराल, तर तो मजेत खेळतोय. केबल मात्र मी काढून टाकली, आईच्या पायांसाठी. वायफायवरही उडी वेळेवर बसते.

पुढच्या लेखात घड्याळं जुळवण्याबद्दल लिहीन. दोन यंत्रांची 'आत्ता'ची वेळ एकच आहे हे कसं ठरवायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे. तोवर भेटू!